मिरजेचा तंबोरा, आठ गाणी आणि एक सिनेमा: कामाच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२३: आधी कागद

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या पुरावर मी आठ गाण्यांचा अल्बम केला, तो २०२१मध्ये आला. गाण्यांत जे मावलं नाही त्याची लघुकादंबरी झाली. मिरजेतला एक म्हातारा तंबोरा करणारा, त्याला हळूहळू ऐकू येईनासं झालंय आणि तो ते घरात कळू देत नाही. त्याची नात ऑनलाइन ऑर्डरी घेते. मग पूर येतो. आता याचा सिनेमा करायचा आहे. सत्तर-एक मिनिटांचा, घरचे पैसे घालून.

पटकथेला हात लावण्याआधी दोन्ही करार काढून वाचले. प्रकाशकाकडे फक्त छापील पुस्तकाचे हक्क आहेत, चित्रपटाचे माझ्याकडेच राहिलेत. अल्बमचं मात्र त्रांगडं आहे. चाल आणि शब्द माझे, पण झालेलं ध्वनिमुद्रण लेबलचं. कायद्यात या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा पक्का झाला, पण रॉयल्टी मिळते म्हणून ते रेकॉर्डिंग उचलून आपल्या सिनेमात लावता येत नाही. पुन्हा रेकॉर्ड करावं म्हटलं तर करारात कलम आहे: पाच वर्षं तीच गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करायची नाहीत. म्हणजे २०२६ पर्यंत हात बांधलेले.

लेबलने एका गाण्याचे दोन लाख सांगितले. घासाघीस करून एक गाणं, फक्त फेस्टिव्हलपुरतं, चाळीस हजारांत घेतलं. बाकीची सात गाणी सिनेमात नाहीत हे आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मोह व्हायला नको.

२५ नोव्हेंबर: पटकथा

पुस्तक नातीच्या तोंडून आहे. पहिल्या खर्ड्यात मी तिचं निवेदन तसंच ठेवलं आणि वर चित्रं लिहीत गेलो. दोघा मित्रांना समोर बसवून वाचून दाखवलं. अर्ध्या तासात एकजण म्हणाला, "हे रेडिओवर कर ना, स्वस्तात होईल." बोलणं खरं होतं. नात सगळंच सांगून टाकते, म्हाताऱ्याला करायला काही उरतच नाही.

निवेदन पूर्ण काढलं. आजोबांना ऐकू येत नाही हा संशय नातीला कसा येतो, यावर पुस्तकात तीन पानं आहेत. त्याची आता एक कृती झाली: जवारी काढताना (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी झणकार येईपर्यंत घासताना) म्हातारा तार छेडतो आणि हनुवटी दांडीला टेकवून धरतो. पहिल्यांदा नात बघते, दुसऱ्यांदा गिऱ्हाईक बघतं. संवाद नाही. तीन पानांतली उपमा-रूपकं गेली. वाईट वाटलं, पण ती पुस्तकात आहेतच की.

कारखाना पुस्तकात मी मुद्दाम कृष्णाघाटाच्या बाजूला ठेवला होता, पाणी शिरायला. शूटिंग मात्र गावात, सतारमेकर गल्लीजवळच्या एका चालू कारखान्यात होणार. सिनेमात पत्ता कुठेच येत नाही, त्यामुळे अडचण नाही.

१८ डिसेंबर: बैल, बिडी, रेल्वे

लिहिताना फुकट असलेल्या तीन गोष्टी पडद्यावर महाग निघाल्या.

पंढरपूर-मंगळवेढ्याकडून तंबोऱ्यांसाठी भोपळे येतात ते पुस्तकात बैलगाडीतून. शूटिंगमध्ये जनावर वापरायचं तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटच्या आधी लागते, पशुवैद्याचा दाखला वगैरे. आधी शूट करू, मग बघू, हे चालत नाही. सेन्सॉरच्या प्रमाणपत्राच्या वेळी गळ्याशी येतं. आमच्याकडे तेवढी सवड नाही. बैल गेले, छोटा हत्ती आला. या हत्तीला परवानगी लागत नाही. तसंही आज भोपळे टेम्पोनेच येतात. बैलगाडी हा माझा पुस्तकी रोमँटिकपणा होता.

म्हातारा बिडी ओढायचा. तंबाखू दिसली की तेवढा वेळ पडद्याच्या खाली इशारा, शिवाय सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर जाहिरात. ज्या प्रसंगात कोणीच बोलत नाही, तिथे खाली पट्टी नको. बिडी काढून हातात अडकित्ता दिला. सुपारी कातरल्याचा आवाज ऐकला आणि वाटलं, हे लिहितानाच सुचायला हवं होतं. बहिऱ्या माणसाच्या हातात खटका.

तिसरी रेल्वे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, पुस्तक तिथून सुरू होतं. ज्या गावाने पाणी पाठवलं त्याच्याच नदीने तीन वर्षांनी घरं बुडवली. फलाटावर शूट करायचं तर रीतसर अर्ज, फी, अनामत, विमा. आकडा ऐकून पुढे विचारलंच नाही. रात्री रस्त्यावरच्या पुलाखाली उभं राहून मालगाडीचे आवाज रेकॉर्ड केले. टँकरच्या डब्यांचा रिकामा घणघणाट वेगळा असतो, तो दुसऱ्या रात्री मिळाला. पहिल्या दृश्यात म्हातारा अंथरुणात आणि बाहेर गाडी, बस.

जे दाखवणं परवडत नाही ते ऐकवायचं, हे इथे ठरलं. मला गाणी करता येतात म्हणून सिनेमा सोपा जाईल असं वाटत होतं. उपयोगी पडतंय ते माइक कुठे धरायचा हे माहीत असणं.

९ जानेवारी २०२४: २४ की २५

वाद्यं असलेला सिनेमा करणाऱ्यांनी ही नोंद नीट वाचावी.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे लुकलुकू नयेत म्हणून कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर ठेवायची सवय असते. आम्हीही चाचणी २५वर केली. डीसीपी (थिएटरात लावायची डिजिटल प्रत) करणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, २५चाही निघतो, पण सगळ्या हॉलमध्ये चालेल याची हमी नाही, फेस्टिव्हलवाले २४च मागतात. मग २५चं २४ करून पाहिलं. चित्र चार टक्के संथ झालं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. तंबोरा मात्र खाली उतरला. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा पांढरी एकच्या जरासा वर येऊन बसला, धड इकडे ना तिकडे. पट्टी सॉफ्टवेअरने सावरता येते, पण तसं केल्यावर जवारीच्या झणकाराला जी बारीक दाणेदार किनार असते ती विरघळल्यासारखी होते. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच जातं.

उपाय साधा आहे. २४ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, कोनात सांगायचं तर १७२.८ अंश. ५० हर्ट्झवर दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, १/५०मध्ये बरोबर दोन ठोके बसतात, लुकलुक नाही. कारखान्यातले दोन स्वस्त एलईडी बल्ब तरीही फडफडत होते, ते बदलले. खर्च तीनशे रुपये.

२७ जानेवारी: खोली गाते

शूटचा पहिला दिवस. सकाळचं सगळं काम वाया.

कारखान्यात भिंतीवर तयार सतारी टांगलेल्या, कोपऱ्यात तंबोरे उभे. दिसायला झकास. नटाने पहिलं वाक्य म्हटलं, ते संपलं, आणि मागे खोलीच गुणगुणत राहिली. सतारींच्या तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप गुंजणाऱ्या बारीक तारा), तंबोऱ्याच्या तारा, सगळ्या त्याच्या आवाजाला साथ देत होत्या. "कट" म्हटल्यावरही चालूच. प्रत्यक्षात ऐकायला सुंदर, पण एडिटमध्ये मरण: एका वाक्याची शेपटी पुढच्या वाक्यावर चढते, दोन टेक जोडताच येत नाहीत. दुपारी लॅपटॉपवर जोडून पाहिल्यावर ते कळलं, तोवर तीन प्रसंग झाले होते.

त्यात आमचे नट सांगलीचे, नाटकवाले. या गावाला नाट्यपंढरी म्हणतात ते उगीच नाही. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय. जितका खणखणीत आवाज तितकी भिंत जोरात गाणार.

कॅमेऱ्यात न दिसणारी वाद्यं बाहेर नेऊन ठेवली. दिसणाऱ्यांचं काय करायचं? मी पारदर्शक टेप काढली आणि कारखान्यातल्या कारागीर चाचांना विचारलं.

"चाचा, तारांना ही लावली तर चालेल का?"

"टेप? पॉलिश उचलून येईल तुमच्या टेपसंगट. लोकर द्या इकडं."

त्यांनी नातवाच्या स्वेटरमधली उरलेली काळी लोकर आणली आणि घोडीच्या जवळ तारांतून एकाआड एक ओवली. एका सतारीला मिनिटसुद्धा लागलं नाही. हाताने छेडली तर नुसतं टुक. चार फुटांवरून लोकर दिसत नाही. पंखे बंद, लाकूड कापायचं यंत्र बंद, खोलीत भट्टी पेटल्यासारखी धग, पण आवाज कोरडा आला.

वाया गेलेल्या प्रसंगांपैकी एक तसाच ठेवलाय. का ते एडिटमध्ये बघू.

३१ जानेवारी: तंबोरा उतरतो

नट तंबोरा छेडतोय आणि बोलतोय, असे बरेच प्रसंग आहेत. सकाळी लावलेला तंबोरा दिव्यांच्या उष्णतेने दुपारपर्यंत हलतो. सकाळचा रुंद शॉट आणि दुपारचा जवळचा शॉट जोडला की स्वर उडी मारतो. कपड्यांची, घड्याळाची नोंद ठेवणारी मुलगी होती. स्वराची नोंद कोण ठेवणार?

आता पद्धत अशी. संवाद असलेल्या प्रसंगात तारांत लोकर, नट फक्त बोटं फिरवतो. दिवसाच्या शेवटी दिवे बंद करून, तंबोरा ट्यूनरवर काळी एकला पक्का लावून, त्याच खोलीत दहा मिनिटं सलग रेकॉर्ड करायचा. नंतर तो प्रसंगाखाली सलग पसरायचा. माइक भोपळ्यासमोर नव्हे. तिथे नुसतं घुमणं येतं. घोडीपासून हातभर अंतरावर, थोडा तिरका धरला की दोरा तारेला जिथे उचलतो तिथली ती किनार येते. कॉलर माइकवर ती येतच नाही, प्रयत्न करू नका.

नटाचे हात हा दुसरा प्रश्न. घोडीवर कानस चालवायचा शॉट. तो छान भावना आणत होता. चाचा बाजूला उभे राहून बघत होते, शेवटी राहवेना. "असं घासलं तर घोडी गेली बघा कामातनं. हे काय लाकूड तासतोय व्हय?" कानस जवळजवळ सपाट धरायची, पाव इंचाची फेर, मग फुंकर, मग बोटाच्या पेराने चाचपायचं, मग तार छेडायची. जवळचे सगळे शॉट चाचांच्याच हातांवर घेतले. नटाचा चेहरा, चाचांचे हात. दोघांच्या मनगटावर सारखा दोरा बांधला.

४ फेब्रुवारी: शूट संपलं, हिशेब

कॅमेरा, लेन्स, दिवे १,४०,०००. ध्वनिमुद्रक आणि त्याचं सामान ८०,०००. नट आणि तंत्रज्ञ १,७५,०००. राहणं, जेवण, गाड्या १,१०,०००. कारखाना ४५,०००. एकूण साडेपाच लाख.

शेवटचा आकडा अंदाजपत्रकात नव्हताच. भाडं धरलं होतं दहा हजार. पण आपण शूट करतो तेव्हा तिथलं काम बंद असतं, कारागिरांचा रोज बुडतो. मालक काही बोलले नाहीत, पहिल्या संध्याकाळी मीच विचारलं. चालू कारखान्यात, दुकानात, गिरणीत शूट करणार असाल तर ही ओळ आधीच घाला.

१२ मार्च: एडिटमध्ये गाणी नकोत

करारामुळे गाणी वापरता येणार नाहीत हे माहीत असूनही एडिट करताना मी खाली अल्बमचेच तुकडे लावले. तात्पुरते म्हणून. पहिला कट दिमाखदार झाला. पाहुण्यांना दाखवला, सगळे म्हणाले, "गाणी मस्त आहेत."

आवाजाच्या पट्टीतून संगीत बंद करून पुन्हा बघितलं. प्रत्येक कट समेवर पडत होता. म्हातारा पाणी प्यायला उठतो तोही सोळाव्या मात्रेला. नात दारात थांबते ती दोन आवर्तनं. माणसं माझ्या ठेक्यावर चालत होती. आणि जिथे जिथे प्रसंगात काही घडत नव्हतं, नेमकी तिथेच मी गाण्याची सर्वांत चांगली ओळ लावली होती.

सगळं मोडून मुका कट केला. ७८ मिनिटांचे ६१ झाले. त्यातला नातीचा एक मोठा प्रसंग, जिथे ती गिऱ्हाइकाला फोनवरचा तंबोरा ऐकवते, संगीताशिवाय उभाच राहत नाही. तो पुन्हा घ्यावा लागणार. पहिल्या दिवशीचा "वाया गेलेला" प्रसंग मात्र घेतला: म्हातारा नातीवर एकदाच ओरडतो, एकच वाक्य, आणि मग भिंत गात राहते. पुढे जोडायला वाक्यच नाही, त्यामुळे शेपटीची अडचण नाही. तिला ते ऐकू येतं, त्याला येत नाही.

१४ एप्रिल: फेरशूट

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला नुकतंच जीआय मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट, पण कारखान्यात आता रोज कोणीतरी कॅमेरा घेऊन येतंय. मालक म्हणाले, रविवारी या. रविवारी दोन वऱ्हाडं आणि त्यांचे डीजे. पहाटे पाचला सुरू करून साडेसातला उरकलं. नवा प्रसंग: नात फोनवरचा तंबोरा लावते आणि खरा तंबोरा त्याला लावायचा प्रयत्न करते, आजोबांना न विचारता. जुळत आलं की म्हातारा आतून येतो. त्याला काय जाणवलं हे सांगितलेलं नाही. वरखर्च ३८,०००.

१९ मे: पूर, हौदात

पुस्तकातला पूर चौदा पानांचा. सिनेमात पाणी दाखवायला पैसे नाहीत आणि बातम्यांतली दृश्यं वापरायची नाहीत, तीही कोणाची तरी मालमत्ता. शिवाय ती सगळ्यांनी पाहिली आहेत. ठरलं असं: वीज जाते, काळोख, महापालिकेच्या गाडीवरचा भोंगा दूर जातो, दाराच्या फटीतून पाणी येतं एवढं एक चित्र, आणि मग आत तरंगणारी वाद्यं एकमेकांवर आपटतात ती फक्त ऐकू येतात.

तो आवाज कुठून आणायचा? कारखान्यातून नाकारलेले, चिरलेले भोपळे शंभर-दोनशेला मिळाले. चिरा मेणाने बुजवल्या. मित्राच्या शेतातल्या सिमेंटच्या हौदात सोडले, तर हौदच बोलायला लागला, शौचालयात रेकॉर्ड केल्यासारखं. विहिरीत त्याहून वाईट. शेवटी शेततळं. प्लास्टिकचा कागद, वर मोकळं आकाश, प्रतिध्वनी नाही. वारा पडल्यावर रात्री गेलो.

वरून एक माइक. पाण्याखाली घरचाच जुगाड: पंधरा रुपयांची पिएझो चकती (कंपनं टिपणारी), केबलला डाग देऊन, फुग्यात घालून तोंड घट्ट बांधलेलं. पहिला फुगा गळाला, दुसऱ्याला वरून मेण लावलं. तिसरी चकती एका भोपळ्याच्या आत चिकटवली. हा आवाज मिळाला आणि मी पाण्यातच बसलो. बाहेरून भोपळा भोपळ्यावर आपटला की ठक. आतून तोच खोल, मऊ, जवळजवळ सुरात. प्रत्येक भोपळ्याचा स्वर वेगळा. मोठा खाली, लहान वर. काठीने हळूहळू गोल फिरवत राहिलो. सिनेमाच्या पूर-प्रसंगात दुसरं काहीही नाही, फक्त आतले भोपळे, चार मिनिटं. संगीतकाराला श्रेय द्यायचं तर पंढरपूरच्या मातीला द्यावं लागेल.

२३ जून: मिक्स

घरच्या स्पीकरवर केलेलं मिक्स पुण्यात ८५ डेसिबलवर मोजून लावलेल्या खोलीत ऐकवलं. संवाद गायब. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज जवळपास ६९ हर्ट्झचा. मोठ्या खोलीत तो गादीसारखा सगळ्यावर पसरतो. संवाद मधल्या स्पीकरला एकटे ठेवले, तंबोरा डावी-उजवीकडे, मागे अगदी थोडा, आणि सबवूफरला काहीच नाही. अल्बमच्या मास्टरिंगची सवय असलेल्यांसाठी: सगळं वर दाबून भरायचं ते इथे विसरा. शांत प्रसंग खरंच शांत ठेवता येतो, हॉलमध्ये कोणी आवाज कमी-जास्त करत बसत नाही. खोलीचं भाडं आणि मिक्सरचं मानधन मिळून १,६०,०००.

चाळीस हजारांचं ते गाणं चहाच्या टपरीवरच्या रेडिओत पन्नास सेकंद वाजत होतं. ओटीटीसाठी लेबलने वेगळा दर सांगितला, पहिल्याच्या चौपट. काढून टाकलं. तिथे आता हळदीचे आणि बेदाण्याचे बाजारभाव आहेत, मी लिहिलेले, आमच्या नाटकवाल्यांपैकी एकाने आकाशवाणी थाटात वाचलेले. टपरीवर तेच जास्त खरं वाटतं. चाळीस हजार बुडीत खाती.

११ ऑगस्ट: डीसीपी

आपली फ्रेम १९२० बाय १०८०. हॉलची फ्लॅट चौकट १९९८ बाय १०८०. दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात, त्या येऊ द्या. ताणून भरलं तर भोपळे अंडाकृती दिसतात, आमच्या पहिल्या प्रतीत दिसले. त्याच प्रतीत आवाज अर्ध्या सेकंदाने मागे होता, कारण एक्सपोर्टच्या सुरुवातीच्या काळ्या फ्रेम चित्रातून कापल्या होत्या, तेवढा वेळ आवाजातून नाही. सुरुवातीला दोन सेकंद आधी एक टिक आणि एक पांढरी फ्रेम टाकून देत जा, असा घोळ लगेच पकडता येतो.

प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन भरतोय. गल्लीतलं झोपलेलं कुत्रं एका शॉटमध्ये आहे. आम्ही आणलेलं नव्हतं, ते तिथलंच, पण उत्तरं देत बसण्यापेक्षा फ्रेम थोडी वर सरकवली. शॉट तसा गरीब झाला.

सांगलीत एका हॉलवाल्याने सकाळचा पहिला शो लागायच्या आत चाचणीला वेळ दिलाय. चालकाला आवाजाची पातळी सातवर ठेवायला सांगितलंय. तो म्हणतो, मराठी सिनेमाला आम्ही साडेचारवरच लावतो, लोक तक्रार करतात. दोन्हीवर लावून बघणार. चाचांना पुढून पाचवी रांग हवी आहे, आणि त्यांनी आधीच बजावलंय की घोडीचा शॉट आला की ते मोठ्याने बोलणार.